दुपारी जाणारी लाइन

आमच्या इंटरनेटच्या लाइनला दुपारचं काय वावडं होतं कोण जाणे. सकाळी कशी गुणी मुलीसारखी वागायची. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. जेवण उरकून मी पुन्हा हेडफोन चढवले, की हिच्या अंगात आलंच. माझा आवाज तुटायचा, चित्र थिजायचं आणि पलीकडचं माणूस "हॅलो, हॅलो" करत राहायचं.

आता तुम्ही म्हणाल, कॉल तुटला तर तुटला, परत लावावा. तर आधी माझं काम काय ते ऐका. ज्यांना दिसत नाही अशी माणसं आमच्या कंपनीला व्हिडिओ कॉल लावतात. त्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यातून त्यांच्या पुढ्यात काय आहे ते मला इथे खोलीत बसून दिसतं, आणि मी ते त्यांच्या कानात सांगते. हा डबा साखरेचा, तो मिठाचा. शर्ट निळाच आहे, पण कॉलरला डाग आहे, दुसरा घाला. उजवीकडे कुणीतरी शहाण्याने सायकल आडवी लावलीय, जरा डावीकडून या. मी गमतीने म्हणते, मी डोळे भाड्याने देते. ऐन रस्त्यात हे डोळे मिटले तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

या कामाला ऑफिस लागत नाही. खोली लागते, खुर्ची लागते आणि भक्कम लाइन लागते. कंपनीचं म्हणणं, जगाच्या पाठीवर कुठेही बसा. मग मी या एवढ्या मोठ्या शहरात का बसले होते? लाइनसाठी! दुसरं काही नाही. माझं घर लहानशा गावात आहे आणि तिथे बाबा एकटे राहतात. आई गेल्यापासून ते घर त्यांना खायला उठतं हे मला ठाऊक होतं, ते कधी बोलले नाहीत तरी. मला तिथे जायचं होतं. खरं सांगते, इतकं जायचं होतं की संध्याकाळी खालच्या रस्त्यावर कुणी म्हातारा पिशवी घेऊन हळूहळू जाताना दिसला, तरी तो वळणाआड होईपर्यंत मी बघत राहायची.

अधूनमधून मी बाबांना विचारायची, "आपल्याकडे लाइन आली का हो?"

"कसली येतेय!" बाबा म्हणायचे. "खांब तेवढे रोवून गेलेत. आता त्यावर कावळे बसतात. तू तिथेच राहा बाळ, तिथे सगळं आहे."

सगळं म्हणजे काय, तर गच्चीखालची एक खोली. एक खिडकी, ती समोरच्या इमारतीच्या जिन्याकडे उघडते. एक पलंग, एक टेबल, भिंतीत एक फळी आणि भिंतीपलीकडे घरमालकीण. बाई तशी मनाची चांगली, पण तोंड म्हणजे सकाळी सुरू केलेला नळ. माझ्या लाइनने दुपारी मान टाकायला सुरुवात केली, तेव्हा पहिला संशय मी तिच्यावरच घेतला. तिचा टीव्ही, तिचा मायक्रोवेव्ह, तिच्या भाचीचे गेम. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मावशी, दुपारी जरा तो मायक्रोवेव्ह लावू नका ना."

"अगो बाई," ती म्हणाली, "म्हणजे मी आता गार गिळू? तुझी लाइन काय माझ्या पातेल्यातून जाते?"

भांडण झालं. चांगलं कडाक्याचं झालं. मग दुसऱ्या दिवशी तीच बिचारी ताट झाकून गार जेवली आणि मला दारातून ओरडून सांगितलंन, "घे, जेवले गार! आता तरी चाललं का?" नाही चाललं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग लाइनवाला. हा गडी नेहमी सकाळी यायचा. सकाळी लाइन ठणठणीत. तो त्याचं यंत्र लावायचा, आकडा दाखवायचा आणि म्हणायचा, "मॅडम, यापेक्षा चांगली लाइन राजवाड्यातसुद्धा नसते."

"दुपारी या," मी म्हणायची.

"दुपारी दुसरीकडं असतो."

"मग दुसरीकडे सकाळी जा!"

तो हसायचा आणि जायचा. मी राउटरच्या खोक्याची जागा बदलली, तार बदलली, लाइनची कंपनी बदलली. नव्या कंपनीचा माणूस आला, त्यानेही सकाळीच येऊन तोच आकडा दाखवला. शेवटी मी खोकं पलंगावर उशीजवळ ठेवून बघितलं, आजारी पोराला ठेवतात तसं. त्याला काही फरक पडला नाही.

या सगळ्यात एक वेळ मात्र माझी ठरलेली होती, ती म्हणजे जेवायची सुट्टी. तेव्हा मी बाबांना व्हिडिओ कॉल लावायची. फोन फळीवर उभा करायचा, ताट मांडीवर घ्यायचं आणि दोघांनी समोरासमोर जेवायचं. बोलायला आम्हा बापलेकींना फारसं काही नसतं. "गोळी घेतली?" "घेतली." "खोकला?" "बरा आहे." "आज काय बघितलंस?" हा त्यांचा आवडता प्रश्न. मग मी सांगायची, आज एका बाईला लाल कोट निवडून दिला, आज एकाला वाढदिवसाची मेणबत्ती नेमकी केकच्या मधोमध लावायला लावली. ते ऐकायचे आणि घास हातातच राहायचा.

सुट्टी संपली की मी म्हणायची, "ठेवा बाबा." ते म्हणायचे, "हो, ठेवतो." आमच्याकडे मोठ्यांचा फोन आपण होऊन कापत नाहीत. आईची शिस्त. मोठं माणूस बोलत असताना उठून जायचं नाही, तसंच त्यांचा फोन आपण तोडायचा नाही, त्यांना ठेवू द्यायचा. ती गेली, पण शिस्त अंगात मुरलेली. मी फोन फळीवर पालथा घालायची, चार्जरला लावायची आणि हेडफोन चढवायची. शिफ्टमध्ये स्वतःच्या फोनला हात लावायचा नाही, हा कंपनीचा नियम, तो मी काटेकोर पाळायची.

आणि मग लाइन मान टाकायची.

एक मास्तर होते. वाद्य वाजवायला शिकवायचे, आता निवृत्त. दुपारी बायकोला भेटायला जायचे. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे स्मृती गेलेल्या माणसांना सांभाळतात तिथे असायची. ट्राम बदलून जावं लागे. ते खास माझंच नाव सांगून मला मागून घ्यायचे. "तुमचा आवाज घाई करत नाही," म्हणायचे. माझ्या स्वभावाच्या बाईला कुणी असं म्हणावं! घरमालकिणीला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली.

त्या दिवशी मास्तर ट्राममधून उतरत होते. मी म्हटलं, "थांबा, पायरीखाली पाणी साचलंय. पाय लांब टाका आणि मग—" आणि लाइन गेली. चित्र थिजलं ते नेमकं त्यांच्या बुटावर. एक बूट पायरीवर, एक हवेत. मी ओरडत होते, "मास्तर, टाकू नका, थांबा!" आणि ऐकायला कुणी नव्हतं. कॉल परत लागला तेव्हा मास्तर फुटपाथवर बसलेले होते, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, कुणीतरी बाई त्यांना धरून उभी.

"काही नाही, काही नाही," मास्तर म्हणाले. "पण आता अशा कपड्यात तिच्याकडे नको जायला. ती घाबरते. घरीच जातो."

त्या दिवशी ते बायकोला न भेटता परत गेले. मी त्यांना सगळी वाट सांगत घरी पोचवलं, आणि मग हेडफोन काढून टेबलावर डोकं टेकून रडले.

संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला. बाई रागीट नाही, म्हणून जास्त लागतं. "तुझं काम सगळ्यांना आवडतं," ती म्हणाली. "पण माणसं पडायला लागली तर मी तुला ठेवू शकत नाही. पुन्हा एकदा तुटलं की तुझं काम बंद करावं लागेल. आणि ऐक, लाइनवाल्यांच्या मागे लागू नकोस. दुपारी घरातली एक न् एक वस्तू बंद करून बघ. तुझ्याच घरातलं काहीतरी लाइन खातंय."

माझ्या घरात खाणारी मी एकटी! मला हसूही येईना. ही नोकरी गेली तर दुसरी लाइनीवरची नोकरी या वयात कोण देतंय? मग एखाद्या काउंटरमागे उभं राहायचं, याच शहरात, आणि बाबांकडे जायचं ते कायमचं राहिलंच. झोपेतसुद्धा हेच घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांना यातलं काही सांगितलं नाही. उगाच त्यांच्या जिवाला घोर. "आज गप्पशी आहेस," ते म्हणाले. "काम आहे," मी म्हटलं. "ठेवा बाबा." "हो, ठेवतो." फोन पालथा, चार्जरला.

कामाला बसायच्या आधी मी सुपरवायझरला सांगून थोडा वेळ मागून घेतला आणि पदर खोचून लागले. घरमालकिणीला आधीच पटवलं होतं, तिने तिच्या घरचा मेन स्विचच पाडला आणि "बघ गं बाई, तुझ्यासाठी अंधारात बसलेय," असं ओरडून सांगितलं. मी पंखा बंद केला. दिवा बंद केला. जुना टॅब्लेट पलंगाखालून काढून बंद केला. लाइन तपासली, तर तशीच, गाळात रुतलेली. काही उरलं नव्हतं. मी कमरेवर हात ठेवून खोलीभर नजर फिरवली आणि फळीवरचा फोन उचलला, तोही बंद करावा म्हणून.

फोन गरम होता. सुलटा केला तर कॉल चालू.

पडद्यावर आमच्या स्वयंपाकघराचं छत होतं. बाबांनी फोन ओट्यावर उताणा ठेवलेला. पंखा फिरत होता. इकडचा पंखा बंद केल्यामुळे माझी खोली इतकी शांत होती, की तिथला नळ गळतोय तेसुद्धा ऐकू आलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा, बाबा फोन ठेवायला विसरले! रोज विसरत असणार! मी मायक्रोवेव्हवरून एका बाईला गार जेवायला लावलं, दोन कंपन्यांच्या माणसांना शिव्या घातल्या, मास्तरांना चिखलात पाडलं, आणि लाइन खात होते ते माझे बाबा! मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिकडे दार वाजलं. शेजारचे घड्याळवाले काका. त्यांचा आवाज भरड, ते आले की आल्याची वर्दी लागते.

"काय, जेवलात का?"

"श्श," बाबा म्हणाले. "हळू. पोरगी कामाला बसलीय."

काका लगेच कुजबुजायला लागले. त्यांचं कुजबुजणंही रस्त्यावर ऐकू जावं असं. "आज कुणाला कुठे नेतेय?"

"अजून बोलली नाही. काल ते मास्तर पडले ना, त्याचं मनाला लावून घेतलंय. रडत होती रे. मी इथे बसून ऐकतोय आणि मला काही बोलता येत नाही."

मी पलंगावर बसले. म्हणजे विसरले नव्हते. रोज दुपारी, मी "ठेवा" म्हटल्यावर, बाबा मला स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून घेत होते. मी कुणाला डावीकडे वळवायची, कुणाला डबा उघडून द्यायची, आणि ते सगळं त्या रिकाम्या घरात ऐकू येत होतं.

"काल लाइन गेली ना तिची," बाबा सांगत होते. "कसलं ते शहर! एवढ्या इमारती आणि धड लाइन नाही."

"मग आणा की तिला इकडे," काका म्हणाले. "आपल्याकडे लाइन आल्यापासून एकदा तरी गेली का? तुमचा हा फोन रोज दुपारभर चालतो, कधी तुटला?"

"हळू म्हटलं ना."

"अहो पण सांगत का नाही तिला?"

"सांगितलं तर येईल," बाबा म्हणाले.

नळ घट्ट पिळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "तिच्या आईच्या दुखण्यात सगळं सोडून आली होती. चांगली नोकरी टाकून. मी येऊ दिली. ही इथे भांडी घासत, गोळ्या मोजत बसली, आणि तिच्या बरोबरीची कुठल्या कुठे गेली. आता परत माझ्यासाठी यायचं? नको. तिचा आवाज येतो, तेवढा मला पुरतो."

"बाबा," मी म्हटलं.

ओट्यावर काहीतरी पडलं. स्टीलचं भांडं असावं. मग पडद्यावर काकांचं अर्धं कपाळ दिसलं, आणि ते "मी येतो नंतर" असं म्हणून गायब झाले. शहाणा माणूस. बाबांचा चेहरा वरून खाली वाकला, चष्मा नाकावर घसरलेला.

"अगं, राहून गेला वाटतं चालू," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्यांना, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी चिडले. आता यात चिडण्यासारखं काय होतं ते मलाही सांगता येणार नाही, पण तळपायाची आग मस्तकात गेली. "कधी आली लाइन?"

"ती... झाले काही महिने."

"काही महिने! आणि मी दर वेळी विचारतेय आणि तुम्ही मला खांबांवरचे कावळे सांगताय! मला इथे करमतं असं वाटतं तुम्हाला? मी इथे एका जिन्याकडे बघत बसते बाबा. मला घरी यायचंय. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी यायचंय! तुम्हाला पुरतो आवाज, मला नाही पुरत!"

त्यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसत बसले. म्हातारा माणूस रडायला लागला की आपण काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. मीही रडत होते. पलीकडून घरमालकीण ओरडली, "झालं का गं? लावू का मेन?" "लावा!" मी ओरडले.

कामाला बसायची वेळ झाली होती. मी नाक पुसलं. "सुपरवायझरला दाखवावं लागेल," मी म्हटलं, "नवी जागा, नवी लाइन, सगळं. खोकं कुठे बसवलंय?"

"असू दे ना ते आता."

"बाबा, खोकं कुठे आहे?"

त्यांनी चष्मा परत चढवला. मग फोन हातात घेऊन चालायला लागले. चित्र हिंदकळत होतं, भिंत, चौकट, त्यांचा अंगठा. मी म्हटलं, "अंगठा काढा, फोन छातीशी धरा, सावकाश चला." ते सावकाश चालले. बैठकीची खोली गेली. मला वाटलं खोकं तिथेच असणार, दारापाशी, सगळ्यांच्या घरात असतं तसं. ते पुढे गेले आणि आतलं दार ढकललं. माझी खोली.

खोकं खिडकीच्या वर होतं, हिरवा दिवा लागलेला. त्याखाली एक टेबल होतं. आमच्या घरात असं टेबल कधीच नव्हतं. नवं, रुंद, त्यावर प्लॅस्टिक अजून तसंच. कडेला दिवा. पायाशी एक नाही, दोन प्लगांच्या जागा. टेबलाजवळ एक खुर्ची, पाठ उंच, माझ्यासारखं दिवसभर बसणाऱ्यांसाठी असते तशी.

"हे कधी आणलंत?" मी विचारलं.

"लाइन आली त्याच दिवशी," बाबा म्हणाले. "सुतार येऊन बसवून गेला. त्या संध्याकाळी तुला फोन करणार होतो. मग नाही केला."

लाइन एकदाही अडखळली नाही. टेबल, खिडकी, खिडकीतून येणारं ऊन, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"खुर्ची जरा उंच झालीय," ते म्हणाले. "तुझे पाय टेकतील की नाही, ते तू येऊन बसल्याशिवाय कसं कळणार?"